‘एक अ‍ॅनालॉग, दुसरा डिजिटल’ : एका सोयीस्कर उत्तराची तपासणी

१९९७ सालच्या उन्हाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात एक छोटासा प्रयोग फसला. ग्रहणाची चित्रफीत दाखवायची होती. व्हीसीआर होता, पण दूरचित्रवाणी संच नव्हता. नुकताच आलेला संगणक मात्र टेबलावर दिमाखात बसला होता. मार्गदर्शकांनी आदल्या रात्री एक केबल तयार करून आणली होती. तिचे एक टोक व्हीसीआरच्या पिवळ्या जोडणीत गेले, तर दुसरे मॉनिटरच्या पंधरा पिनांपैकी हिरव्या रंगाच्या पिनेला लावले. पडदा काळाच राहिला. मॉनिटरचा नारिंगी दिवा तेवढा लुकलुकत होता. मार्गदर्शक म्हणाले, “दूरदर्शनचा संकेत अ‍ॅनालॉग असतो आणि संगणक डिजिटल. म्हणून जमत नाही.” आम्ही सर्वांनी ते वहीत उतरवून घेतले आणि चहाला गेलो.

त्या मार्गदर्शकांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी निदान केबल तरी करून पाहिली. पण हेच उत्तर त्यानंतर मी अनेक शिबिरांत ऐकले, लेखांत वाचले आणि स्वतः वर्गात दिलेही. ते ऐकले की प्रश्न मिटतो आणि विद्यार्थी खाली बसतो. ते साफ चूक आहे. शिवाय ज्या जागी उत्तम भौतिकशास्त्र दडलेले आहे, त्याच जागेवर ते झाकण ठेवते.

आधी चूक पाहू. त्या काळचा मॉनिटर डिजिटल नव्हताच. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए ही पद्धत आणली. तिच्यात संगणकाच्या कार्डावरच आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर होते. लाल, हिरवा व निळा या तीन तारांतून मॉनिटरकडे जातो तो शून्य ते ०.७ व्होल्ट यांच्या दरम्यान सलग बदलणारा दाब. याला अ‍ॅनालॉगच म्हणतात. दूरचित्रवाणीचा चित्रसंकेतही असाच सलग बदलणारा दाब असतो. मग अडले कुठे?

याहून गंमत त्याच्या आधीच्या पिढीची. १९८१ साली पहिल्या पीसीबरोबर आलेल्या सीजीए कार्डातून रंगीत मॉनिटरकडे चार तारा जात : लाल, हिरवा, निळा आणि तीव्रता. प्रत्येक तार एकतर चालू किंवा बंद. चार तारांचे सोळा मेळ, म्हणून सोळाच रंग. हा मॉनिटर खराखुरा डिजिटल. आणि तो चालत होता अमेरिकन दूरचित्रवाणीच्या वेगाने! मॉनिटर डिजिटल होता तेव्हा तो दूरचित्रवाणीच्या तालावर चालला, आणि अ‍ॅनालॉग झाला तेव्हा ताल सुटला. आमच्या वहीतल्या वाक्याच्या नेमके उलट.

खरे कारण या ‘ताल’ शब्दातच आहे. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत एक चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. गुणाकार केला की सेकंदाला १५,६२५ ओळी, म्हणजे एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. त्यांपैकी ५२ मायक्रोसेकंदांत इलेक्ट्रॉन शलाका डावीकडून उजवीकडे जाते आणि उरलेल्या १२ मध्ये परत येते. व्हीजीएच्या ६४० × ४८० च्या पडद्यावर हाच प्रवास सेकंदाला सुमारे ३१,४६९ वेळा होतो. एका ओळीला ३२ मायक्रोसेकंदही मिळत नाहीत.

हा फरक ऐकू येत असे, हे किती जणांच्या लक्षात आहे? जुना संच चालू केला की एक बारीक, कानात टोचणारी शिट्टी सुरू होई. मुलांना ती शेजारच्या खोलीतूनही कळे आणि आजोबांना समोर बसूनही कळत नसे. ती १५,६२५ हर्ट्झची होती. संचातील रोहित्राचा गाभा ओळीच्या तालावर थरथरे, त्याचा तो आवाज. माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, आणि ती वयाबरोबर खाली येते. व्हीजीए मॉनिटर ३१,४६९ हर्ट्झवर चालतो, म्हणून ही शिट्टी कोणालाच ऐकू येत नाही. दोन यंत्रांत फरक काय, याचा पुरावा विद्यार्थ्यांच्या कानांत होता आणि आम्ही त्यांना अ‍ॅनालॉग–डिजिटल सांगत बसलो.

कोणी म्हणेल, मॉनिटरने जरा सावकाश चालावे, एवढे काय अवघड आहे? अवघड आहे, आणि का ते बारावीच्या विद्यार्थ्याला समजते. शलाका आडवी ओढणाऱ्या वेटोळ्याला स्थिर विद्युतदाब दिला की त्यातील प्रवाह एकसारखा वाढत जातो. वाढीचा दर म्हणजे दाब भागिले स्वप्रवर्तकत्व. ओळ संपताच प्रवाह झटक्यात उलटवला जातो आणि त्याच झटक्यातून रोहित्राच्या साह्याने चित्रनलिकेला लागणारा वीसपंचवीस हजार व्होल्टचा दाब मिळवतात. आता ३२ मायक्रोसेकंदांसाठी आखलेल्या मंडलाला ६४ मायक्रोसेकंदांची ओळ दिली तर प्रवाह दुप्पट वेळ चढत राहील आणि दुपटीला जाईल. ट्रान्झिस्टर हे सोसत नाही. ठरावीक वेगाच्या जुन्या मॉनिटरना भलत्याच वेगाचे सिंकचे स्पंद दिले तर ते कायमचे बंद पडत, ते यामुळे. आमच्या शिबिरातील मॉनिटर वाचला, कारण त्याला सिंकच्या स्वतंत्र पिनांवर काहीच मिळाले नाही आणि तो झोपी गेला. केबल जरा जास्त शहाणपणाने केली असती तर कदाचित तो दगावला असता. १९८० च्या दशकाच्या मध्यात एनईसी कंपनीने ‘मल्टिसिंक’ मॉनिटर काढला. तो येणारा वेग ओळखून आतील दाब त्याप्रमाणे बदलत असे. पण असे मॉनिटर महाग होते आणि आपल्या शाळांत ते फारसे कोणी पाहिले नसतील.

शाळांत आले होते ते वेगळेच यंत्र. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. हे यंत्र साध्या दूरचित्रवाणी संचाला जोडता येई, कारण त्याने दूरचित्रवाणीचाच वेग पत्करला होता. किंमत मात्र मोजावी लागे. एका ओळीत ८० अक्षरे बसवायची तर ६४० ठिपके लागतात. ते या संगणकातून इतक्या वेगाने बाहेर पडत की एकाआड एक काळा-पांढरा ठिपका म्हणजे ८ मेगाहर्ट्झचा संकेत होई. आपल्या दूरचित्रवाणी पद्धतीत चित्रासाठी ठेवलेली जागा ५ मेगाहर्ट्झची. अक्षरे फासटून जात. ४० अक्षरांची ओळ ४ मेगाहर्ट्झमध्ये मावे, म्हणून ती वाचता येई. संगणक आणि दूरचित्रवाणी यांची फारकत या वाचण्याच्या गरजेतून झाली, हे आपल्या लेखनात क्वचितच येते.

आता दुसऱ्या सोयीस्कर उत्तराकडे वळतो : “सेकंदाला २५ चित्रे दाखवतात आणि दृष्टिसातत्यामुळे ती सलग दिसतात.” हे वाक्य तर पाठ असते. पहिल्या इयत्तेचे स्पष्टीकरण म्हणून त्याला माझी हरकत नाही. निदान चित्र तुकड्यातुकड्यांनी येते ही कल्पना त्यातून मिळते. पण पुढे जायचे म्हटले की ते आडवे येते.

एक तर पडद्यावर पूर्ण चित्र कोणत्याही क्षणी नसतेच. चित्रनलिकेच्या संचाचे छायाचित्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या वेगाने काढून पाहावे. तेवढ्या वेळात शलाका पंधरासोळा ओळीच काढते. प्रस्फुरकाचा उजेड लगेच उतरत असल्याने छायाचित्रात एक उजळ पट्टा येतो, बाकी पडदा अंधारा. म्हणजे ‘चित्र काढले, मग दुसरे काढले’ असे घडत नाही. दुसरे असे की, हालचाल दिसणे आणि लुकलुक न दिसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हालचाल जाणवायला सेकंदाला दहाबारा चित्रेही पुरतात. डोळ्यात आधीचे चित्र रेंगाळते म्हणून नव्हे, तर मेंदू दोन स्थानांमधून एक गती रचतो म्हणून. मॅक्स वर्टहायमर यांचा यावरचा प्रसिद्ध निबंध १९१२ सालचा आहे. लुकलुक थांबायला मात्र उजेडाची उघडझाप सेकंदाला पन्नासच्या आसपास व्हावी लागते. म्हणूनच चित्रपटगृहात २४ चित्रांपैकी प्रत्येक चित्र दोन-तीनदा झाकून उघडतात.

दूरचित्रवाणीने यावर जी युक्ती काढली तिच्यात संगणकाच्या पडद्याचे सारे दुखणे आहे. सेकंदाला ५० पूर्ण चित्रे पाठवायची तर दुप्पट जागा लागली असती. म्हणून चित्राच्या ओळी एकाआड एक वाटल्या. आधी विषम ओळींचे अर्धचित्र, मग सम ओळींचे. २५ पूर्ण चित्रांच्या खर्चात ५० उघडझापा मिळाल्या. हिशेब सुंदर आहे. पण ही दोन अर्धचित्रे एकाच क्षणाची नसतात. कॅमेराही तसाच पाहतो, त्यामुळे दुसरे अर्धचित्र पहिल्यानंतर १/५० सेकंदाने टिपलेले असते. दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे असतात हे म्हणूनच अर्धसत्य. तिच्यात ५० निरनिराळे क्षण असतात, प्रत्येक अर्ध्या ओळींचा.

चेहरे, झाडे, क्रिकेटचे मैदान यांना ही वाटणी चालते. अक्षरांना चालत नाही. आपल्या देवनागरीचेच पाहा. शिरोरेखा जर पडद्याच्या एकाच ओळीइतकी बारीक असेल, तर ती दोनपैकी एकाच अर्धचित्रात येईल. मग ती सेकंदाला ५० वेळा नव्हे तर २५ वेळाच उजळेल आणि सारा मजकूर थरथरेल. इंग्रजी अक्षरांतही आडव्या रेघा असतात, पण प्रत्येक शब्दावरून सलग जाणारी रेघ आपली. संगणकासमोर हातभर अंतरावर बसून तासन्‌तास वाचायचे असते. म्हणून व्हीजीएने वाटणी सोडून दिली आणि सर्व ओळी दर वेळी एकापाठोपाठ एक काढल्या. पुढे आयबीएमनेच १०२४ × ७६८ ठिपक्यांच्या एका पद्धतीत वाटणी पुन्हा आणली. तशा पडद्यांपुढे बसलेल्यांना त्यांची थरथर आठवत असेल.

एवढे समजले की ‘मग दूरचित्रवाणीचे चित्र मॉनिटरवर आणायचे कसे’ हा प्रश्न खरा रंगतो. ओळीचा वेग दुप्पट करायला एक साधी युक्ती आहे. ओळ स्मृतीत साठवायची आणि दुप्पट वेगाने दोनदा वाचायची. १५,६२५ ची दुप्पट ३१,२५०. व्हीजीएच्या ३१,४६९ शी तुलना करा. फरक एक टक्क्याहून कमी! हा योगायोग नाही. अमेरिकन दूरचित्रवाणी ५२५ ओळींची, आणि तिचा ओळीचा वेग १५,७३४. त्याची दुप्पट म्हणजेच व्हीजीएचा वेग, आणि व्हीजीएच्या पडद्यावरही लपलेल्या धरून ओळी ५२५ च. संगणकाचा हा पडदा म्हणजे अमेरिकन दूरचित्रवाणीच, फक्त वाटणी काढून टाकलेली. अमेरिकेत ओळी दुप्पट केल्या की जवळजवळ काम झाले. आपल्याकडे एक अडचण उरली. आपली अर्धचित्रे सेकंदाला ५० आणि व्हीजीएचा पडदा भरतो ६० वेळा. पाच अर्धचित्रांची सहा करायची तर दर पाचांतले एक दोनदा दाखवावे लागते. सेकंदाला दहा वेळा हालचाल अडखळते. बातम्यांखालून सरकणाऱ्या पट्टीकडे नीट पाहिले तर हे अडखळणे आजही दिसते. आजचे बहुतेक पडदे ६० च्याच तालावर आहेत आणि २५ चित्रांच्या वाहिनीचे एक चित्र त्यांवर कधी दोनदा तर कधी तीनदा येते.

मधल्या काळातील संगणकांतल्या टीव्ही कार्डांबद्दलही एक शब्द. ७६८ × ५७६ ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला २५ वेळा, म्हणजे सुमारे २२ मेगाबाइट दर सेकंदाला. जुन्या आयसा बसमधून यातले निम्मेही जात नसे. म्हणून त्या कार्डांनी चित्र संगणकाच्या स्मृतीत आणलेच नाही. पडद्यावर एक विशिष्ट रंगाचा चौकोन काढून ठेवायचा, आणि मॉनिटरकडे जाताना वाटेत जिथे तो रंग दिसेल तिथे दूरचित्रवाणीचा संकेत घुसवायचा. त्या चौकोनासह पडद्याची प्रत छापली की कागदावर चित्राऐवजी निळा किंवा जांभळा ठोकळा उमटे. कित्येकांना वाटले छपाईयंत्र बिघडले. ‘पडद्यावर दिसते’ आणि ‘संगणकात आहे’ यांत फरक आहे, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता हे सारे इतिहासजमा झाले, असे वाटेल. केबलचे डिजिटलीकरण २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने झाले, चित्रनलिका अडगळीत गेल्या. पण अर्धचित्रे गेली नाहीत. १९८० आणि १९९० च्या दशकांतील जे जे फितीवर आहे ते अर्धचित्रांतच आहे. यूजीसीचे १९८४ साली सुरू झालेले देशव्यापी शैक्षणिक प्रक्षेपण त्यात आले. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे दूरदर्शनवरचे थेट दर्शन आले, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फितीही आल्या. या फिती संगणकावर उतरवून घेण्याचे काम अनेक ठिकाणी होते आहे, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. उतरवणारा दोन अर्धचित्रे एकत्र विणतो. स्थिर दृश्यात ती चपखल बसतात, पण जिथे काही हलते तिथे कडेला फणीचे दात दिसू लागतात. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू १/५० सेकंदात ७८ सेंटिमीटर जातो. चित्राची रुंदी २५ मीटर मैदानाएवढी असेल तर ते अंतर पडद्यावर बावीसेक ठिपक्यांचे. मग ‘फीत खराब आहे’ असे म्हणून कोणी तरी ‘दात काढा’ हे बटण दाबतो. साधी आज्ञावली काय करते? एक अर्धचित्र फेकून देते आणि दुसऱ्याच्या ओळी दुप्पट करते. निम्म्या ओळी गेल्या आणि निम्मे क्षणही गेले. मूळ फीत त्यानंतर टाकून दिली तर ते परत येत नाहीत. बारकाव्याने वागणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. त्या स्थिर भागात विणतात, हलत्या भागात ओळींमधली जागा अंदाजाने भरतात आणि ५० च्या ५० क्षण राखतात. पण त्या वापरायच्या तर आधी ५० क्षण आहेत हे ठाऊक हवे. ‘२५ चित्रे’ पाठ असलेला माणूस ते कशाला शोधेल?

आणखी एक चूक उतरवताना सर्रास होते. डिजिटल मानकात चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे घेतात, पण हे ठिपके चौरस नसतात. संगणकाचे ठिपके चौरस. ४:३ आकाराचे चित्र जसेच्या तसे दाखवले तर ते ५:४ होते आणि ग्रहणातला सूर्य उभ्या अंड्यासारखा दिसतो. रुंदी ७६८ केली की तो पुन्हा गोल होतो. मी एका प्रदर्शनात असा अंडाकृती सूर्य पाहिला. खाली ‘वातावरणीय अपवर्तनाचा परिणाम’ अशी पाटी होती.

फणीचे दात हा दोष मानण्यापूर्वी त्यांचा एक उपयोग सांगतो. जुन्या हँडीकॅमने टिपलेला खाली पडणारा चेंडू घ्या आणि न सुधारलेल्या विणलेल्या चित्रावर फीत थांबवा. एकाच चित्रात दोन पट्टेरी चेंडू दिसतील, एक सम ओळींचा आणि दुसरा विषम ओळींचा. दोहोंत १/५० सेकंदाचे अंतर. शेजारी मीटरपट्टी उभी केलेली असेल तर अंतर थेट मोजता येते. सव्वा मीटर पडलेल्या चेंडूचा वेग सेकंदाला साधारण ४.९५ मीटर असतो, म्हणून दोन चेंडूंमध्ये दहा सेंटिमीटरच्या आसपास जागा सापडायला हवी. वरचा चेंडू आधीचा आणि खालचा नंतरचा, हे तर उघडच आहे. पण सम ओळी आधी की विषम, हे कॅमेऱ्यागणिक बदलते आणि ते विद्यार्थ्यांनीच चित्र पाहून ठरवावे. अडगळीत चित्रनलिकेचा संच उरला असेल तर त्याच्यासमोर पेन्सिल हलवून तिच्या तुटक प्रतिमा पाहाव्यात आणि शिट्टी कोणाकोणाला ऐकू येते याची वयवार नोंद करावी. संचाचे मागचे झाकण मात्र उघडू नये. बंद केल्यानंतरही नलिकेवर विद्युतभार बराच वेळ राहतो.